मागचं बाथरूम बंद आहे

सकाळी साडेसातला जावईबापूंनी सासरच्या घरात जिन्याखाली खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, की आज या घरात कोणीही परस्पर अंघोळीला जायचं नाही.

"आधी माझ्याकडे यायचं," ते म्हणाले. "कुठल्या बाथरूममध्ये जायचं ते मी सांगेन."

घरात माणसं दहा आणि बाथरूम तीन. एक वर, एक खाली, एक मागच्या पडवीत. या दहाही जणांना साडेनऊला आवरून दोन गाड्यांत बसायचं होतं, कारण अकरा वाजता सासरेबुवा रेडिओवर बातम्या वाचणार होते. उभी हयात त्यांनी रेडिओ केंद्रावर बातम्या वाचण्यात घालवली होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. आता केंद्राचा जुना स्टुडिओ बंद होणार, तेव्हा तिथलं शेवटचं बातमीपत्र तुम्हीच वाचा, असा संचालकांनी आग्रह धरला होता. पाच मिनिटांचं थेट बातमीपत्र, आणि त्यातलं शेवटचं अर्धं मिनिट त्यांचं स्वतःचं, हवं ते बोलायला. सासरेबुवा महिनाभर ह्या पाच मिनिटांवर जगत होते. म्हणून तर सगळा गोतावळा जमला होता.

जावईबापूंनी खुर्ची का टाकली, त्याचं मूळ मात्र आदल्या रात्रीच्या जेवणात होतं.

जेवताना बायकोच्या मावशींनी सहज विचारलं, "जावईबापू, तुम्ही नेमकं करता काय हो? लग्नाला सहा वर्षं झाली, विचारायचं राहूनच गेलं."

"लोड बॅलन्सिंग," जावईबापू म्हणाले. टेबलाभोवतीचे कोरे चेहरे बघून ते समजावून सांगायला लागले. "असं बघा, एखाद्या वेबसाइटवर एकदम लाखभर लोक आले. एकच सर्व्हर असेल तर तो बसलाच. म्हणून मागे सारखेच पाच-सहा सर्व्हर ठेवायचे आणि पुढे एक राखणदार. आलेल्या माणसाला राखणदार म्हणतो, त्या तीन नंबरवर गर्दी कमी आहे, तिकडे जा. शिवाय अधूनमधून तो प्रत्येक सर्व्हरला हाक मारून बघतो, चालू आहेस ना? ठरलेलं उत्तर आलं नाही, की तो सर्व्हर बाद. तिकडे कोणाला पाठवायचंच नाही. गंमत म्हणजे, मागे काही बिघडलंय याचा येणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही."

सासरेबुवांनी घास संपवला, पाण्याचा घोट घेतला, आणि ज्या आवाजात त्यांनी कित्येक सरकारं पडल्याचं सांगितलं होतं त्याच आवाजात ते म्हणाले, "म्हणजे काम सर्व्हर करतात. तुम्ही फक्त म्हणता, तिकडे जा."

सगळे हसले. मेव्हण्याला तर ठसका लागला. जावईबापूंची बायकोही हसली, आणि ते त्यांना फार लागलं. सासऱ्यांनी चारचौघांत एकदा आपल्याला 'वा' म्हणावं, एवढीच त्यांची सहा वर्षांची इच्छा. तशी त्या दोघांची सुरुवातच जरा गोंधळाची होती. मुलीला मागणी घालायला हे गेले तो नेमका सासरेबुवांच्या बातम्यांचा दिवस. बातम्या असल्या की सासरेबुवा उठल्यापासून बातमीपत्र होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत, गळा राखायचा म्हणून. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली होती. तो होकार होता की नुसताच नमस्कार, याचा जावईबापूंना अजून उलगडा झाला नव्हता.

तेव्हा जावईबापूंनी ठरवलं, की उद्या सकाळी आपली विद्या घरातच दाखवायची. रात्रीच ते कामाला लागले. मागच्या बाथरूमला कडी नव्हती. आत असलेला माणूस खोकायचा, बाहेरचा समजून घ्यायचा, असं वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. जावईबापूंनी अडगळीतून एक जाडजूड, गंजलेली कडी शोधली आणि लांब लांब स्क्रू मारून ती आतून बसवली.

"अहो, कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "खोकतो की आम्ही."

"आई, खोकल्यावर व्यवस्था चालत नाही," जावईबापू म्हणाले.

तर सकाळी नियम सांगितले गेले. दर पाच मिनिटांनी जावईबापू प्रत्येक दार वाजवणार. आतल्याने स्पष्ट शब्दांत 'चालू आहे' म्हणायचं. नुसती टकटक चालणार नाही, कारण गिझर लागला की ह्या घरातले पाइपही टकटक करतात. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही, तर ते बाथरूम बाद.

"भावोजी, टोकन देणार का?" मेव्हण्याने विचारलं. त्याच्याकडे दुर्लक्ष करण्यात आलं.

बायकोच्या आत्यांना मात्र पहिल्यापासून सवलत द्यावी लागली. त्यांची कवळी वरच्या बाथरूममधल्या पेल्यात होती, त्यामुळे त्यांना दर वेळी वरच पाठवणं भाग होतं. "चालतं," जावईबापू म्हणाले. "एक माणूस एकाच सर्व्हरला चिकटवायचा. आमच्यात त्याला स्टिकी सेशन म्हणतात."

"माझ्या कवळीला आजवर कोणी इंग्रजीतून बोललं नव्हतं," आत्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

आणि खरं सांगायचं तर व्यवस्था झकास चालली. मावशींच्या दोन मुलींना केस धुवायचे होते, म्हणजे वेळ लागणार. त्यांना एकामागून एक खालच्या बाथरूममध्ये घातलं. मेव्हण्याला अंघोळ म्हणजे नुसतं ओलं होणं, त्याला दोन मोठ्या अंघोळींच्या मध्ये बसवला. कोणी रांगेत उभं नाही, कोणी दार बडवत नाही, सासूबाई चक्क बसून चहा पीत होत्या. "असं शांतपणे या घरात कधी आवरलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता एवढंच बाकी होतं, की हे ज्याने बघायचं त्याने बघावं.

तेवढ्यात सासरेबुवा खांद्यावर पिवळा टॉवेल टाकून आले. त्यांनी बोटाने वर दाखवलं. वरचं बाथरूम त्यांचं नेहमीचं.

"वर आत्या आहेत, बाबा. मागचं मोकळं आहे. मागे जा."

सासरेबुवांनी भुवया उंचावून पुन्हा वर बोट दाखवलं.

"बाबा, प्लीज. एकाने नियम मोडला की सगळं बसतं. तिकडे जा."

सासरेबुवा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि काही न बोलता मागे गेले. रात्रीच्या बोलण्याचं वाईट वाटून गप्प असतील, अशी जावईबापूंनी स्वतःची समजूत घातली. बातम्यांच्या दिवशीचं मौन त्यांना माहीत होतं, पण गेल्या पाच वर्षांत त्याचा कधी संबंध आला नव्हता, आणि त्या क्षणी त्यांच्या डोक्यात फक्त तीन दारं होती.

मग वर गडबड झाली. आत्या बाहेर आल्या तर पेल्यात कवळी नाही. जावईबापू वर धावले. कवळी आत्यांच्या तोंडातच निघाली, पण यात दहा मिनिटं गेली. ते खाली आले तेव्हा डोक्यावर पिवळा टॉवेल घेतलेला एक माणूस पाठमोरा खोलीत शिरताना त्यांना दिसला. चला, बाबांचं झालं. प्रत्यक्षात ते आत्यांचे यजमान होते, ज्यांना घरात सगळे काका म्हणत. सासूबाईंनी पाहुण्यांसाठी टॉवेल आणले होते ते सगळे एकाच रंगाचे. पण हे जावईबापूंना कोण सांगणार?

मावशींना मागे पाठवायचं म्हणून ते पडवीत गेले. दार ढकललं, उघडेना. त्यांनी दार वाजवलं. "आत कोण आहे? चालू आहे का?"

आतून टकटक आली.

"शब्दांत सांगा."

पुन्हा टकटक, जरा जोरात.

"पाइप," जावईबापू मावशींना म्हणाले. "आणि कडी आपोआप आतून पडलेली दिसतेय. दोनदा विचारलं, उत्तर नाही. हे बाद."

"अहो, पण आतून कोणीतरी वाजवतंय."

"गरम पाणी वर चढताना असंच होतं, मावशी."

"थांबून थांबून? मी बोलले की थांबतं, गप्प बसले की वाजतं."

"हवेचे बुडबुडे असतात," जावईबापू म्हणाले, आणि खिशातून काढून एक कागद दाराला चिकटवला. तिन्ही बाथरूमांसाठी असे कागद त्यांनी रात्रीच लिहून ठेवले होते: 'मागचं बाथरूम बंद आहे. कृपया जिन्याखाली चौकशी करावी.' मावशींना त्यांनी खाली पाठवलं. शेवटच्या माणसाची अंघोळ सव्वानऊला आटोपली. एक बाथरूम ऐनवेळी बाद होऊनही कोणाला पत्ता लागला नाही, यापेक्षा जास्त यश ते काय असतं?

गाड्यांचंही त्यांनीच ठरवलं. पहिली गाडी बायकोने चालवायची. तिच्यात सासूबाई, मावशी, त्यांच्या मुली आणि सासरेबुवांचा कोट. कोट चुरगळू नये म्हणून नेहमी हँगरला लावून गाडीत वेगळा जायचा आणि स्टुडिओच्या दारात अंगावर चढायचा. सासूबाईंना वाटलं, ह्यांना गर्दी नको असेल, ते मागच्या गाडीत निवांत येतील. मागच्या गाडीत काका, आत्या, मेव्हणा आणि चाकावर जावईबापू. त्यांना वाटलं, कोट पुढे गेला म्हणजे माणूसही पुढेच गेला. एरवी सासरेबुवांचा आवाज अख्ख्या घराला ऐकू यायचा. आज तो कुठूनच येणार नव्हता, त्यामुळे तो येत नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पावणेदहाला रेडिओ केंद्राच्या पायऱ्यांवर संचालक स्वतः फुलं घेऊन उभे होते. पहिल्या गाडीतून कोट उतरला. दुसऱ्या गाडीतून कोटाचा मालक काही उतरला नाही.

"अहो, हे कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याबरोबर ना?" जावईबापू म्हणाले.

"आमच्याबरोबर कोट होता."

सगळ्यांनी दोन्ही गाड्यांत वाकून बघितलं. मेव्हण्याने तर डिकीही उघडली.

"सकाळपासून मी त्यांना बघितलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मौन आहे म्हणून कुठेतरी एकटे बसलेत."

मौन हा शब्द कानावर पडला आणि जावईबापूंना पडवीतली टकटक आठवली. मावशींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. "म्हणजे तो पाइप," त्या सावकाश म्हणाल्या, "बाबांचा होता."

भर उन्हात उभ्या जागी माणूस किती लाजू शकतो, हे त्या दिवशी जावईबापूंना कळलं. कान तापले, मान तापली, शर्टाच्या आतही लाज वाटत असल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "तू कागद लावलास? बाबा आत असताना तू बाहेरून कागद लावलास?" जावईबापूंनी खिशातून किल्ली काढली. ते गाडीत बसले आणि सुटले.

वाटेतला प्रत्येक सिग्नल लाल मिळाला. त्यांच्या कानात ती टकटक सुरू होती, थांबून थांबून, समजूतदार. बिचारे शब्दांत उत्तर देऊ शकत नव्हते, पण उत्तर देत होते. महिनाभर वाट बघितलेली पाच मिनिटं, आणि आपण त्यांना बुडबुडे म्हणालो. एवढं करून वर मावशींना विज्ञान शिकवलं.

घरी पोचताच पडवीत धावले. कागद तसाच होता. त्यांनी तो आधी फाडून खिशात कोंबला, जणू त्याने काही झाकलं जाणार होतं. "बाबा? आहात ना?"

टकटक.

"बाबा, चुकलो. मला वाटलं... काय वाटलं ते सांगण्यासारखं नाही. कडी निघतेय का?"

एकदा टक. म्हणजे नाही.

बाहेरून स्क्रू दिसत नव्हते, कारण ते जावईबापूंनी स्वतः आतून मारले होते, लांब लांब. शेवटी त्यांनी खांदा लावला. पहिल्या धडकेला खांदा दुखला, दुसरीला चष्मा पडला, तिसरीला दार, चौकट आणि जावईबापू असे तिघे आत गेले आणि ओल्या फरशीवर पसरले.

सासरेबुवा उलट्या बादलीवर बसले होते. कमरेला टॉवेल, दाढी झालेली, केस नीट मागे वळवलेले. दोन तासांत त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. ओरडले असते तर शेजारपाजारचे धावत आले असते, पण ओरडले असते तर गळा बसला असता. ते उठले, जावयाच्या अंगावरून पाय टाकून बाहेर आले आणि कपडे घालायला गेले.

गाडीत जावईबापू एकटेच बोलत होते. "बाबा, मला रागवा. निदान एक सणसणीत शिवी द्या." सासरेबुवांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि काचेतून बाहेर बघत राहिले. त्या शांततेत बसण्यापेक्षा आपल्यालाच कोणी बाथरूममध्ये कोंडलं असतं तर बरं, असं जावईबापूंना वाटलं. परतीचा निम्मा रस्ता त्यांनी माफी मागितली आणि उरलेला निम्मा नुसता लाजत काढला.

अकराला चार मिनिटं असताना सासरेबुवांनी कोट चढवला. लाल दिवा लागला. काचेबाहेर सगळे नातेवाईक, केंद्राचे जुने-नवे लोक दाटीवाटीने उभे होते. जावईबापू सगळ्यांच्या मागे, ओली पँट भिंतीला टेकवून.

आणि तो आवाज आला. दोन तास राखलेला, एकही तडा नसलेला. सासूबाईंनी डोळे पुसले. पाणीपुरवठा, हवामान, कुठलीशी परिषद, एकेक बातमी अशी उतरत गेली, की ऐकणाऱ्याला परिषदेचीही काळजी वाटावी. जावईबापूंच्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं. बातमीपत्र निभावलं. आता शेवटचं अर्धं मिनिट. सासरेबुवांनी समोरचा कागद बाजूला ठेवला.

"आणि शेवटी एक स्थानिक बातमी. आज सकाळी एक ज्येष्ठ नागरिक आपल्या राहत्या घरी बाथरूममध्ये दोन तास अडकून पडले."

जावईबापूंनी डोळे मिटले. थेट प्रक्षेपण. आपली आई घरी रेडिओ लावून बसली असेल. ऑफिसात साहेबांनाही आपणच ऐकायला सांगितलंय.

"कडी आतून अडकल्याने हा प्रकार घडल्याचे समजते. त्यांच्या जावयाने तातडीने घटनास्थळी धाव घेऊन, स्वतःच्या खांद्याने दार तोडले व त्यांची सुखरूप सुटका केली. जावयाच्या या धाडसाचे सर्व थरांतून कौतुक होत आहे. बातम्या संपल्या. नमस्कार."

लाल दिवा विझला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक वळून जावईबापूंना शोधू लागले. संचालकांनी उरलेली फुलं त्यांच्या हातात कोंबली. कोणी खांदा थोपटला, तोच, दुखरा.

"नाही हो, ऐका," जावईबापू म्हणाले. "कडी मीच बसवली होती. बंद आहे म्हणून कागदही मीच लावला. ते आत वाजवत होते आणि मी म्हणालो पाइप आहे."

संचालक मनापासून हसले. "वा. एवढं करून वर स्वतःलाच बोल लावताय. असा विनय हल्ली बघायला मिळत नाही."

"विनय नाही, खरंच सांगतोय."

"बघा, अजूनही," संचालक इतरांना म्हणाले. बायकोने मान फिरवली. तिचे खांदे हलत होते, रडण्याने नव्हे हे उघड होतं. जावईबापूंनी आणखी तिघांना खरं सांगून बघितलं. ज्याला सांगावं तो जास्तच भारावून जायचा. एका जुन्या निवेदिकेने तर माझ्या मुलीसाठी असाच मुलगा बघा, असं मावशींना सांगितलं.

परतताना सासरेबुवा जावयाच्या गाडीत पुढे बसले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा जावईबापू कसेबसे म्हणाले, "बाबा, तुम्ही मला सांभाळून घेतलंत. पण त्यापेक्षा सगळं सांगून टाकलं असतंत तर बरं झालं असतं."

"सांभाळून घेतलं?" सासरेबुवा म्हणाले. दिवसभरात ते त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "जावईबापू, मी चार लोकांत झापलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही विसरला असतात. आता हे कौतुक तुम्हाला जन्मभर ऐकायचंय. दर लग्नात, दर बारशाला. मला दोन तासच काढावे लागले."

जावईबापूंचा फोन वाजला. आई होती.

"ऐकलं रे रेडिओवर," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "शेजारच्या सगळ्यांना बोलावून बसले होते. तुझे बाबा असते तर आज..."

जावईबापूंनी तोंड उघडलं. शेजारी सासरेबुवा समोर बघत, कान देऊन बसले होते.

"हो, आई," जावईबापू म्हणाले. "खांदा बरा आहे आता."